जुन्या हातसंगणकाला जीपीएसची जोड

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १ मे २००० ची मध्यरात्र उलटली, तेव्हा जीपीएस उपग्रहांच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळली जाणारी अशुद्धता बंद करण्यात आली. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने झालेल्या या बदलापूर्वी सामान्य नागरिकाच्या रिसीव्हरची चूक शंभर मीटरपर्यंत जात असे; त्यानंतर ती दहा-वीस मीटरांवर आली. शंभर मीटरच्या चुकीत वाहन नेमक्या कोणत्या रस्त्यावर आहे हे ठरवणे कठीण होते. वीस मीटरच्या चुकीत ते शक्य झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी कॉम्पॅक कंपनीचा आयपॅक ३६०० मालिकेतील हातसंगणक बाजारात आला. २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, ३२ मेगाबाइट मेमरी आणि २४० बाय ३२० बिंदूंचा रंगीत पडदा असलेले हे यंत्र नकाशा दाखवण्यास पुरेसे समर्थ होते. आकाशातील संकेत स्वच्छ होणे आणि तळहातावरील पडदा रंगीत होणे या दोन घटना अशा एकत्र आल्या, आणि पुढील काही वर्षे हातसंगणकाला जीपीएस जोडणे हा एक स्वतंत्र उद्योगच बनला.

त्या काळात नोकरीनिमित्त परदेशी आलेल्या अनेक मराठी अभियंत्यांच्या खिशात असा एखादा पाम, सायॉन किंवा आयपॅक असे. आज तो कपाटाच्या खणात पडून असतो. २००४ मध्ये आलेले टॉमटॉम गो हे केवळ वाट दाखवणारे यंत्र, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने अँड्रॉइड फोनवर विनामूल्य दिलेले मार्गदर्शन, यांनी हातसंगणकाची ती भूमिका संपवली. तरीही खणातील यंत्र जीपीएससाठी निरुपयोगी झालेले नाही. २००० सालच्या रिसीव्हरला जो संकेत ऐकू येत असे, तो मूळ नागरी संकेत उपग्रह आजही त्याच रचनेत प्रसारित करतात. जुने झाले आहेत ते नकाशे, बॅटऱ्या, केबली आणि सॉफ्टवेअरचे परवाने. त्यामुळे अशा यंत्राला जीपीएस जोडण्याचे काम म्हणजे मुख्यतः जमिनीवरच्या या चार गोष्टी सांभाळण्याचे काम होय.

स्थान आणि नकाशा : दोन वेगळ्या गोष्टी

फोनच्या सवयीमुळे स्थान आणि नकाशा ही एकच सेवा वाटू लागते. जुन्या हातसंगणकावर मात्र त्या दोन गोष्टी सुट्या असतात आणि वापरणाऱ्याने त्या स्वतः जोडायच्या असतात.

जीपीएसची मूळ रचना २४ उपग्रहांची आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर सहा कक्षापातळ्यांत फिरणारा प्रत्येक उपग्रह जवळजवळ बारा तासांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करतो. प्रत्येकात अणुघड्याळ असते आणि तो १५७५.४२ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर आपली वेळ व कक्षेची माहिती सतत सांगत असतो. रिसीव्हर संकेत पोहोचण्यास लागलेला वेळ मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे तीनशे मीटरची चूक, आणि हातातील यंत्रात अणुघड्याळ नसते. म्हणून अक्षांश, रेखांश व उंची या तीन अज्ञातांबरोबर स्वतःच्या घड्याळाची चूक हे चौथे अज्ञातही सोडवावे लागते. चार उपग्रह दिसणे आवश्यक असते ते यामुळेच.

या साऱ्या व्यवहारात रिसीव्हर केवळ ऐकतो. तो उपग्रहाला काहीही सांगत नाही. किती लोक ऐकत आहेत हे उपग्रहाला ठाऊक नसते. रस्ता, गाव, नदी यांविषयी त्या संकेतात एक अक्षरही नसते. हाती येतात ते केवळ आकडे. त्या आकड्यांना अर्थ देणारा नकाशा हातसंगणकात आधीपासून भरलेला असावा लागतो. तो चुकीचा किंवा जुना असेल, तर अचूक स्थानही माणसाला भलत्याच वाटेवर नेते.

जोडणीचे मार्ग

कोणता मार्ग निवडायचा हे यंत्रावर कोणते दार आहे यावर ठरते. यंत्र उघडण्याची गरज बहुधा पडत नाही.

पहिला मार्ग सिरियल केबलचा. १९९८ चा पाम थ्री किंवा १९९९ चा सायॉन सिरीज ५ एमएक्स यांसारख्या यंत्रांना सिरियल पोर्ट असे, आणि त्या काळातील अनेक हातात धरण्याजोग्या जीपीएस यंत्रांनाही तो असे. दोघांच्या केबली मात्र मेजावरील संगणकात खोचण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या एकमेकींना सरळ जोडल्या तर दोन्ही बाजूंच्या बोलण्याच्या तारा समोरासमोर येतात आणि ऐकण्याच्या तारा रिकाम्या राहतात. म्हणून मध्ये तारांची अदलाबदल करणारा नल-मोडेम नावाचा छोटा जोड लागतो. केबल नीट असूनही पडद्यावर काहीच येत नाही, या तक्रारीचे कारण पुष्कळदा या जोडाच्या अभावात असते.

दुसरा मार्ग खाचेत बसणाऱ्या कार्डाचा. १९९९ मध्ये आलेल्या हँडस्प्रिंग व्हायझरच्या पाठीवर स्प्रिंगबोर्ड नावाची खाच होती आणि मॅगेलन कंपनीने तिच्यासाठी जीपीएस मॉड्यूल बनवले होते. आयपॅक ३६०० ला स्वतःची खाच नव्हती. त्यावर कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डासाठी एक जॅकेट चढवावे लागे. या कार्डातच अँटेना व रिसीव्हर दोन्ही असतात, त्यामुळे लोंबणाऱ्या तारा नसतात. येथे अडचण वेगळीच उद्भवते. जॅकेटमध्ये खाच एकच असल्यामुळे तिच्यात जीपीएस कार्ड बसवले, की नकाशे ठेवण्यासाठी मेमरी कार्डाला जागा उरत नाही. मग नकाशा, कार्यप्रणालीचे चालू काम आणि वापरणाऱ्याच्या नोंदी हे सारे ३२ मेगाबाइटांत बसवावे लागते. असे यंत्र विकत घेताना किंवा खणातून काढताना खाचा किती आहेत हे प्रथम मोजावे.

तिसरा मार्ग ब्लूटूथचा, आणि जेथे शक्य असेल तेथे सर्वांत सोयीचा. आयपॅक ३८७०, पाम टंगस्टन टी किंवा २००५ चा पाम टीएक्स यांत ब्लूटूथ अंगभूत आहे. आगपेटीएवढा रिसीव्हर गाडीच्या काचेशी किंवा पाठीवरच्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवता येतो आणि हातसंगणक हातात राहतो. आयपॅक ३८७० वर एसडी कार्डाची वेगळी खाच असल्यामुळे नकाशांचा प्रश्नही सुटतो. जोडणी करताना रिसीव्हर सिरियल पोर्ट प्रोफाइल ही पद्धत जाणतो का, हे पाहावे. केवळ नव्या, कमी वीज वापरणाऱ्या ब्लूटूथवर चालणारी साधने जुन्या यंत्राशी बोलू शकत नाहीत.

चौथा मार्ग घरी जुळवणी करण्याचा. स्वित्झर्लंडच्या यू-ब्लॉक्स कंपनीचे निओ-६एम हे मॉड्यूल सुट्या भागांच्या दुकानांत सहज मिळते. ते ९६०० बॉड वेगाने माहिती देते व सुमारे ४० ते ५० मिलिअँपिअर वीज घेते. त्याच्या संकेततारांची पातळी साधारण ३.३ व्होल्टची असते, तर आरएस-२३२ प्रकारच्या सिरियल पोर्टवर त्याहून जास्त, धन व ऋण असे दोन्ही दाब येतात. दोन्ही थेट जोडल्यास मॉड्यूल जळण्याचा धोका असतो. मध्ये मॅक्स-३२३२ सारखी पातळी बदलणारी चिप घालावी. मॉड्यूलची पाठवणारी तार संगणकाच्या ऐकणाऱ्या तारेला व भूतार भूतारेला जोडावी, आणि डाख देण्यापूर्वी मीटरने दाब तपासावा. ब्लूटूथ असलेल्या यंत्रासाठी याच मॉड्यूलला एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल जोडून अल्प खर्चात बिनतारी रिसीव्हर तयार होतो. दोन्ही मॉड्यूलांचा बॉडवेग एकच ठेवला म्हणजे झाले.

या निवडीत जुने मॉड्यूल नव्यापेक्षा उपयोगी ठरते, हे नवख्याला चमत्कारिक वाटेल. नवे रिसीव्हर जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ व चीनचे बैडू यांचे उपग्रहही ऐकतात आणि आपल्या ओळींच्या आरंभी ‘जीपी’ऐवजी ‘जीएन’ ही अक्षरे लिहितात. २००० च्या सुमाराचे अनेक प्रोग्राम केवळ ‘जीपी’ने सुरू होणारी ओळच ओळखतात, त्यामुळे उत्तम संकेत असूनही पडदा कोरा राहतो. अशा वेळी रिसीव्हरला फक्त जीपीएस ऐकण्याची आज्ञा द्यावी, किंवा मुळात निओ-६एमसारखे केवळ जीपीएसचे मॉड्यूल घ्यावे.

रिसीव्हरची भाषा

जवळजवळ सर्व रिसीव्हर एनएमईए ०१८३ या प्रमाणभाषेत बोलतात. ही मूळची जहाजावरील उपकरणांसाठी अमेरिकेत ठरवलेली पद्धत आहे. तिचा प्रमाण वेग ४८०० बॉड असून ती साध्या अक्षरांत असते, म्हणून ती डोळ्यांनी वाचता येते. प्रत्येक ओळ डॉलरच्या चिन्हाने सुरू होते, घटक स्वल्पविरामांनी वेगळे केलेले असतात आणि शेवटी ताऱ्याच्या चिन्हापुढे पडताळणीचे दोन अंक असतात.

चार ओळी ओळखता आल्या तरी पुरे. जीजीए या ओळीत वेळ, स्थान, उंची व वापरलेल्या उपग्रहांची संख्या असते. आरएमसी या ओळीत तारीख, वेग व दिशा असतात. जीएसव्ही ओळी आकाशात कोणते उपग्रह कोठे व किती ठळक आहेत हे सांगतात, तर जीएसए ही ओळ त्यांच्या मांडणीमुळे स्थान कितपत विश्वसनीय आहे हे सांगते. नकाशाचा प्रोग्राम चालत नसेल तर प्रथम साधा टर्मिनल प्रोग्राम उघडून या ओळी येतात का हे पाहावे. ओळी स्वच्छ दिसल्या तर दोष प्रोग्रामच्या मांडणीत आहे. विचित्र चिन्हांचा पसारा दिसला तर बॉडवेग जुळलेला नाही, किंवा रिसीव्हर आपल्या खासगी सांकेतिक भाषेत बोलतो आहे. काहीच दिसले नाही तर केबल, पोर्ट क्रमांक किंवा वीज तपासावी. तासन्‌तास चाचपडण्यापेक्षा या क्रमाने गेल्यास दोष लवकर सापडतो.

या भाषेतील आकड्यांची एक खोच पुष्कळांना फसवते. लंडनजवळील ग्रिनिच वेधशाळेच्या अंगणात रिसीव्हर अक्षांश म्हणून ५१२८.६७५८ असा आकडा देईल. याचा अर्थ ५१ अंश आणि २८.६७५८ कला असा आहे. म्हणजेच दशांश रूपात ५१.४७७९ अंश. तोच आकडा घाईने ५१.२८६७५८ अंश असा वाचला, तर माणूस वेधशाळेऐवजी सुमारे २१ किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडतो. स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आणि स्थाने हाताने नोंदवणाऱ्यांनी हे विसरू नये.

आणखी एक मर्यादा कार्यप्रणालीची. जुन्या पॉकेट पीसीवर एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. वाटचालीची नोंद ठेवणारा प्रोग्राम चालू असेल तर नकाशाच्या प्रोग्रामला रिसीव्हर सापडत नाही. २००५ मध्ये आलेल्या विंडोज मोबाइल ५ मध्ये एका रिसीव्हरची माहिती अनेक प्रोग्रामांना वाटणारी व्यवस्था आली. त्यापूर्वीच्या यंत्रांवर एकाला बंद केल्याशिवाय दुसरा उघडू नये.

पहिले स्थान मिळेपर्यंत

अनेक वर्षे खणात पडलेला रिसीव्हर सुरू केल्यावर लगेच स्थान देत नाही, आणि पुष्कळ लोक याच टप्प्यावर तो बिघडला असे मानून टाकून देतात. उपग्रह आपली माहिती सेकंदाला केवळ ५० बिट या संथ गतीने पाठवतो. स्वतःच्या कक्षेचा नेमका तपशील सांगण्यास त्याला ३० सेकंदांचे चक्र लागते, तर सर्व उपग्रहांचे ढोबळ पंचांग पूर्ण होण्यास साडेबारा मिनिटे लागतात. फोन ही माहिती मोबाइल जाळ्यावरून क्षणात मिळवतो. जुन्या रिसीव्हरला मात्र ती आकाशातूनच घ्यावी लागते.

म्हणून पहिल्या खेपेस यंत्र उघड्या मैदानात, उंच इमारतींपासून दूर ठेवून पंधरा-वीस मिनिटे हलवू नये. उपग्रहाचा संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत पार्श्वभूमीच्या गोंगाटाहूनही क्षीण झालेला असतो. हातसंगणकाच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटामुळेही तो झाकोळू शकतो. गाडीच्या पुढील काचेत उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असेल तर आत संकेत येतच नाही, आणि रिसीव्हर मागच्या काचेशी किंवा अँटेना छतावर ठेवावी लागते.

नकाशा कोठून आणावा

त्या काळातील व्यावसायिक नकाशे आज दोन कारणांनी निकामी ठरतात. पहिले कारण उघड आहे : वीस वर्षांत रस्ते, चौक आणि एकेरी वाहतुकीचे नियम बदलले. दुसरे कारण कमी लक्षात येते. अनेक प्रोग्राम सुरू करण्यासाठी विक्रेत्याच्या सर्व्हरकडून परवान्याची खातरजमा व्हावी लागे. तो सर्व्हर बंद झाला, की मूळ डबा, तबकडी आणि पावती हाती असूनही विकत घेतलेला नकाशा पुन्हा बसवता येत नाही. पैसे देऊन घेतलेली वस्तू आपल्या मालकीची होती की केवळ वापरास दिलेली होती, हा प्रश्न येथे प्रत्यक्ष समोर येतो.

यावर उपाय मुक्त नकाशांचा. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला ओपनस्ट्रीटमॅप हा जगभरच्या स्वयंसेवकांनी तयार केलेला नकाशा आज विनामूल्य उपलब्ध आहे. त्याच्या आरंभीच्या काळात स्वयंसेवक जीपीएस रिसीव्हर घेऊन रस्त्यारस्त्याने हिंडत आणि आपल्या वाटचालीच्या नोंदींवरून नकाशा रेखाटत. हातसंगणकावर तो आणण्याचा सोपा मार्ग असा : आपल्याला हव्या त्या प्रदेशाचा नकाशा मेजावरील संगणकावर चित्ररूपात तयार करायचा, त्याचे कोपरे अक्षांश-रेखांशांशी जुळवायचे आणि ओझीएक्सप्लोरर सीईसारख्या प्रोग्रामने तो पॉकेट पीसीवर उघडायचा. पामसाठी पाथअवे हा प्रोग्राम असेच काम करी, तर सीटस जीपीएस हा विनामूल्य प्रोग्राम स्थान, दिशा व वाटचालीच्या नोंदींपुरता उत्तम होता. अधिक मेमरी असलेल्या यंत्रांवर नॅविट हा मुक्त प्रोग्राम मार्गही काढून देऊ शकतो.

चित्ररूप नकाशाला जागा किती लागते याचा हिशेब आधी करावा. २० बाय २० किलोमीटरचा प्रदेश आणि एका बिंदूला पाच मीटर असे प्रमाण धरल्यास ४००० बाय ४००० म्हणजे एक कोटी साठ लाख बिंदू होतात. प्रत्येक बिंदूला एक बाइट धरली तरी १६ मेगाबाइट लागतात, म्हणजे आयपॅक ३६०० ची निम्मी मेमरी. म्हणूनच नकाशा तुकड्यातुकड्यांनी कार्डावरून वाचणारे प्रोग्रामच उपयोगाचे. कार्ड निवडताना २ गिगाबाइट किंवा त्याहून लहान घ्यावे. त्यापुढील एसडीएचसी प्रकारची कार्डे जुन्या खाचा ओळखत नाहीत.

सर्वांत घातक चूक मात्र आधारपृष्ठाची, ज्याला भूमापनात डेटम म्हणतात. पृथ्वीचा आकार व मध्य कोठे मानला यावर अक्षांश-रेखांशांचे आकडे अवलंबून असतात. जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हे आधारपृष्ठ वापरते. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेचे कागदी नकाशे ओएसजीबी ३६ वर आधारलेले आहेत, आणि दोहोंमधील फरक सुमारे शंभर मीटर भरतो. ग्रिनिचला तर रेखांशाचा फरक प्रत्यक्ष पाहता येतो : पर्यटक ज्या रेषेवर उभे राहून छायाचित्र काढतात, तेथे जीपीएस शून्य रेखांश दाखवत नाही. जीपीएसचा शून्य त्या रेषेच्या पूर्वेला १०२ मीटरवर, बागेत येतो. भारताच्या जुन्या भूमापन नकाशांची तीच गत आहे. ते एव्हरेस्टच्या आधारपृष्ठावर आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी वापरासाठी डब्ल्यूजीएस ८४ वरील वेगळी मालिका ठरवण्यात आली. सुटीत घरी गेल्यावर सह्याद्रीच्या जुन्या नकाशाचे स्कॅन केलेले पान हातसंगणकावर चढवणाऱ्याने प्रोग्राममध्ये योग्य आधारपृष्ठ निवडले नाही, तर स्वच्छ उन्हात ती चूक हसण्यावारी जाईल. धुक्यात, कड्याच्या माथ्यावर, तेवढेच अंतर जिवावर बेतू शकते. म्हणून निघण्यापूर्वी घराजवळच्या एखाद्या ठळक खुणेपाशी उभे राहून नकाशावरील बाण तेथेच उमटतो का, हे तपासून पाहावे.

वीज आणि विस्मृती

जुन्या हातसंगणकांचा एक दोष आजच्या पिढीला अपरिचित आहे. विंडोज मोबाइल ५ पूर्वीच्या पॉकेट पीसींवर वापरणाऱ्याच्या नोंदी आणि नंतर बसवलेले प्रोग्राम वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत राहत. बहुतेक जुन्या पाम यंत्रांचेही तसेच. बॅटरी पूर्ण उतरली, की यंत्र कारखान्यातून आल्यासारखे कोरे होते. जीपीएस कार्ड त्याच बॅटरीतून वीज ओढते, आणि आयपॅक ३६०० ची बॅटरी मुळातच हजार मिलिअँपिअर-तासांच्या आतली. त्यामुळे जीपीएस जोडल्यावर विस्मरणाचा धोका वाढतो. प्रोग्रामच्या मूळ फाइली, नकाशे आणि वाटचालीच्या नोंदी कार्डावरच ठेवाव्यात. ज्या यंत्राची खाच जीपीएस कार्डाने अडवली आहे, त्यावरील नोंदी मुक्कामी पोहोचताच उतरवून घ्याव्यात. गाडीत असताना बाहेरून वीज द्यावी.

वीस वर्षांपूर्वीची लिथियम बॅटरी फुगलेली दिसली तर ती चार्ज करण्याचा मोह टाळावा. तिला आग लागू शकते. ती स्थानिक संकलन केंद्रात द्यावी आणि त्याच मापाची नवी घ्यावी. साध्या पेन्सिल सेलवर चालणारी जुनी पाम यंत्रे या बाबतीत सुखी आहेत. प्रोग्राम चढवण्यासाठी पूर्वीचे अ‍ॅक्टिव्हसिंक आजच्या संगणकांवर नीट चालत नाही. त्याऐवजी सीएबी प्रकारची फाइल मेमरी कार्डावर टाकून ती हातसंगणकावरच उघडावी. २००० सालच्या पॉकेट पीसींत तीन निरनिराळ्या जातींचे प्रोसेसर असत, म्हणून फाइल आपल्या प्रोसेसरसाठीच बनवलेली आहे याची खात्री करावी.

तारखेचा घोटाळा

जुना रिसीव्हर स्थान अचूक दाखवतो आणि तारीख मात्र जवळजवळ वीस वर्षे मागची, असा अनुभव येतो. जीपीएसच्या मूळ संकेतात आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत लिहिलेला असतो, म्हणून १०२४ आठवड्यांनंतर गणना पुन्हा शून्यावर येते. असे ऑगस्ट १९९९ मध्ये व एप्रिल २०१९ मध्ये घडले, आणि पुढे नोव्हेंबर २०३८ मध्ये घडेल. स्थान काढण्यास आठवड्याच्या आतील वेळ पुरते, त्यामुळे बहुतेक रिसीव्हरांचे काम अडत नाही. वाटचालीच्या नोंदींतील तारखांत ७१६८ दिवस मिळवले, की त्या दुरुस्त होतात. छायाचित्रांशी नोंदी जुळवणाऱ्यांनी हे आधीच करून घ्यावे.

उपयोग आणि मर्यादा

शहरातील रोजच्या वाहन चालवण्यासाठी असे यंत्र वापरण्यात अर्थ नाही. त्याला वाहतुकीची कोंडी कळत नाही, आज सकाळी बंद झालेला रस्ता कळत नाही, आणि चालत्या गाडीत त्याच्या छोट्या पडद्यावर लेखणीने टोचत बसणे धोक्याचे आहे. त्याची खरी जागा पायवाटेवर, सायकलवर आणि मोबाइलचे जाळे न पोहोचणाऱ्या प्रदेशात आहे. आयपॅक ३६०० चा पडदा बाहेरचा प्रकाश परावर्तित करून दिसतो, त्यामुळे भर उन्हात तो सुवाच्य राहतो. वाटचालीची नोंद जीपीएक्स स्वरूपात बदलून ओपनस्ट्रीटमॅपला देता येते, आणि एखाद्या अनोळखी पायवाटेची भर जगाच्या नकाशात पडते. डोंगरात जाताना मात्र कागदी नकाशा व होकायंत्र बरोबर असावेच. बॅटरी संपल्यावर विसरणाऱ्या यंत्रावर एकट्यावर विसंबू नये.

आणखी एक गुण तांत्रिक तक्त्यात सापडत नाही. सिमकार्ड नसलेला हातसंगणक आपला मालक कोठे आहे हे कोणालाही कळवत नाही. फोनवर वाट विचारली, की तो प्रश्न आणि विचारणाऱ्याचा ठावठिकाणा बहुधा कोणाच्या तरी सर्व्हरवर नोंदला जातो. येथे उपग्रह बोलतात, रिसीव्हर ऐकतो, नकाशा कार्डावर असतो, आणि वाटचालीची नोंद मालक स्वतः देईल त्यालाच मिळते. एखाद्या शनिवारी मुलांना बरोबर घेऊन निओ-६एम मॉड्यूल, एक चिप आणि खणातला पाम यांची जुळवणी केली, तर संध्याकाळपर्यंत पडद्यावर डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी वाहू लागतात. फोनमधील निळा ठिपका कोठून येतो, हे त्या ओळींत मुलांना अक्षरशः वाचता येते.